खोली, पावती आणि मालक : गिरणगावातून आलेले प्रश्न

गेल्या काही आठवड्यांत सदराकडे आलेल्या पत्रांत लालबाग, करी रोड, चिंचपोकळी, नायगाव, शिवडी हीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात. कोणाच्या हातात निवृत्तीचे पैसे आलेत, कोणाला एजंटाने गाठलंय, कोणाची अख्खी चाळच विकली गेली आहे. मी लघुवाद न्यायालयात पुष्कळ वर्षं वकिली केली, भाडेकरूंची आणि मालकांचीही. वाढले परळच्या चाळीत. तेव्हा या अंकात बाकीचे विषय बाजूला ठेवून हीच पत्रं घेते.

प्रश्न : वकीलबाई, मी ५९ वर्षांचा, नुकताच निवृत्त झालो. डोंबिवलीत स्वतःचा फ्लॅट आहे. लालबागला एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर १६० चौरस फुटांची पागडीची खोली ४२ लाखांना मिळते आहे. एजंट म्हणतो, मालकाची भाडेपावती तुमच्या नावावर करून देतो, दोन वर्षांत टॉवर उभा राहील, तोवर खोली १४ हजारांनी भाड्याने द्या. मुलगा म्हणतो घेऊन टाका, बायको नको म्हणते. काय करू?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : घेऊ नका. वहिनींचं बरोबर आहे.

आपण सहज म्हणतो की अमक्याने लालबागला खोली विकत घेतली. प्रत्यक्षात तुमच्या हाती येतो तो भाडेकरूचा हक्क. जमीन मालकाची, भिंती मालकाच्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ साली झाला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या ५६ व्या कलमाने पागडी, म्हणजे भाडेदारीच्या बदल्यात दिली जाणारी एकरकमी रक्कम, घेणं-देणं उघड आणि कायदेशीर झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. त्याआधी सगळा व्यवहार पिशवीतून चालायचा. पण पागडी कायदेशीर झाली म्हणून खोली तुमच्या मालकीची होत नाही.

आता एजंटाचं गणित बघू. महिना १४ हजार म्हणजे वर्षाला १ लाख ६८ हजार. ४२ लाखांवर हे बरोबर चार टक्के होतात. मुदतठेवीत याहून जास्त मिळतं, आणि तिथे छत गळत नाही. पण खरी अडचण पुढेच आहे. मालकाच्या परवानगीशिवाय तुम्ही ती खोली दुसऱ्याला दिलीत, अकरा महिन्यांचा करार करून का होईना, तर कायद्याच्या भाषेत तुम्ही पोटभाडेकरू ठेवला. खोली खाली करून मागायला मालकाला तेवढं कारण पुरतं. बरं, नको भाडं, कुलूप लावून ठेवतो म्हणाल, तर तेही चालत नाही. सबळ कारणाशिवाय सलग सहा महिने खोली वापरात नसेल तर त्यावरही दावा लावता येतो. म्हणजे भाड्याने देता येत नाही आणि बंद ठेवता येत नाही. पागडीची खोली तिथे चूल मांडणाऱ्यासाठी आहे, आणि तुम्ही तर डोंबिवलीत राहणार. एजंट म्हणेल, मालक परवानगी देईल. मग ती परवानगी मालकाच्या सहीने लेखी मागा आणि एजंटाचा चेहरा बघा.

पुनर्विकासाच्या दोन वर्षांबद्दल. ५१ टक्के भाडेकरूंची संमती, म्हाडाचं ना-हरकत प्रमाणपत्र, महापालिकेच्या मंजुऱ्या, मग घरं रिकामी करणं, पर्यायी जागेचं भाडं, मग बांधकाम. यातल्या प्रत्येक पायरीवर मालकाच्या वारसांचं भांडण, भाडेकरूंचे दोन तट किंवा बिल्डरची आटलेली थैली आडवी येऊ शकते. संक्रमण शिबिरात लग्नं झाली, नातवंडं झाली आणि घर मात्र झालं नाही, अशी माणसं माझ्या अशिलांत आहेत. तुमच्या वयाला हा जुगार मी लावू देणार नाही.

आणि एक तारीख लिहून ठेवा : १३ जून १९९६. उपकरप्राप्त, म्हणजे महापालिकेच्या बिलातून दुरुस्ती उपकर भरणाऱ्या, इमारतींचा पुनर्विकास मुंबईच्या विकास नियमावलीतल्या ३३(७) या नियमाखाली होतो, त्यात प्रत्येक पात्र भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं. पण या तारखेनंतर नव्याने निर्माण केलेली भाडेदारी पात्र धरत नाहीत. जुन्या भाडेकरूची पावती रीतसर तुमच्या नावावर झाली तर हरकत नाही, ती जुनीच भाडेदारी पुढे चालली. पण एका खोलीच्या मध्ये भिंत घालून केलेल्या दोन खोल्या किंवा गॅलरी बंदिस्त करून काढलेली जागा नंतरची असेल, तर पैसे दोन खोल्यांचे जातात आणि हिशेबात एकच येते. अशी कापलेली खोली बाहेरून ओळखू येत नाही. रंग ताजा असतो, वर फरशीही नवी असते.

मग ही खोली कोणी घ्यावी? केईएम किंवा टाटा रुग्णालयात पाळीने काम करणारी परिचारिका, दादरच्या बाजारात पहाटे चारला उभं राहणारं जोडपं, ज्यांना खरोखर तिथे राहायचंय आणि ज्यांचं कामच तिथे आहे, त्यांनी जरूर विचार करावा. त्यांना मी सांगते : विकणाऱ्याच्या नावाची चालू पावती बघा आणि मग मागे जात १९९६ पूर्वीच्या पावतीपर्यंत पोचा. साखळीत एक कडी जरी नुसत्या साध्या कागदावर असेल तर थांबा. वीजबिल, शिधापत्रिका, मतदारयादी यांतलं नाव पावतीशी जुळतं का पाहा. खोली विकणाऱ्याच्या वडिलांची असेल तर त्याच्या सगळ्या भावा-बहिणींची सही हवी, सासरी गेलेल्या बहिणीचीही. मालमत्ता पत्रकावर मालक कोण, आणि भाडं घ्यायला येणारा मेहता नेमका कोणाच्या वतीने येतो, हे विचारा. करार तिघांचा करा, विकणारा, घेणारा आणि मालक, आणि तो नोंदवा. मालकाचा हिस्सा साधारण तिसरा भाग असतो. तो रिवाज आहे, कायद्यात आकडा लिहिलेला नाही, त्यामुळे त्यावर बोलणी होऊ शकते. आणि पावती हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका.

प्रश्न : आम्ही दोघे भाऊ, नवी मुंबईत वाहतुकीचा धंदा. करी रोडजवळ तळमजला अधिक तीन मजल्यांची एक चाळ विकायला आहे. ४८ खोल्या, १९३० च्या सुमाराची. महिन्याचं एकूण भाडं ६,७२० रुपये. जागेच्या मानाने किंमत फारच कमी वाटते. घेऊन, डागडुजी करून, भाडं हळूहळू बाजारभावाला आणता येईल का?
– दोघे भाऊ, कोपरखैरणे

उत्तर : नाही येणार. किंमत कमी का आहे ते आधी समजून घ्या.

तुमच्या हिशेबाने खोलीमागे सरासरी १४० रुपये भाडं. मुंबईत १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली गेली. युद्धानंतरच्या टंचाईत ते आवश्यक होतं. नाहीतर गिरणीतल्या साच्यावर आणि बॉयलरवर राबणारा माणूस या शहरात राहूच शकला नसता. पण तो बांध पन्नास वर्षं तसाच राहिला. १९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गोठवलेलं भाडं आता अवाजवी झालं आहे, आणि त्यानंतर १९९९ चा कायदा आला. त्याने मालकाला वर्षाला चार टक्के वाढ दिली. १४० रुपयांवर चार टक्के म्हणजे ५ रुपये ६० पैसे. दहा वर्षं नेमाने वाढवत गेलात तरी खोलीचं भाडं २०७ रुपयांच्या आसपास जाईल आणि ४८ खोल्या मिळून दहा हजारही भरणार नाहीत. सुधारणांपोटी भाडं वाढवायची तरतूद कायद्यात आहे, पण मर्यादित. तेवढ्याने चाळीचा जिनाही दुरुस्त होत नाही.

म्हणून अशी चाळ घेणारे भाड्याकडे बघतच नाहीत, त्यांची नजर पुनर्विकासावर असते. तुमचीही असेल, आणि त्यात गैर काही नाही. फक्त हे समजून उतरा की गेल्या काही वर्षांत मालकाच्या हातातली घड्याळाची टिकटिक वाढली आहे. इमारत धोकादायक घोषित झाली तर म्हाडा कायद्याच्या ७९-अ कलमाप्रमाणे पुनर्विकासाचा प्रस्ताव आणायला मालकाला सहा महिने मिळतात. त्याने आणला नाही तर पुढचे सहा महिने भाडेकरूंच्या नियोजित गृहनिर्माण संस्थेचे, आणि त्यांनीही नाही आणला तर म्हाडा इमारत ताब्यात घेऊ शकते. याच्याही आधी, १९८६ साली, त्या कायद्यात आठ-अ प्रकरण आलं : ७० टक्के भाडेकरूंनी मागणी केली तर इमारत संपादित करून त्यांच्या संस्थेला द्यायची, मालकाला मोबदला महिन्याच्या भाड्याच्या शंभरपट. तुमच्या चाळीला लावून बघा, ६ लाख ७२ हजार. या तरतुदीला मालकांच्या संघटनेने दिलेलं आव्हान सर्वोच्च न्यायालयात नऊ न्यायमूर्तींपुढे गेलं. ५ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात बहुमताने म्हटलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानता येणार नाही. मालकांना दिलासा मिळाला, पण त्या नऊ जणांपुढे प्रश्न राज्यघटनेच्या अर्थाचा होता. आठ-अ प्रकरण टिकतं की नाही ते त्या निकालाने ठरलेलं नाही. तुमच्या वकिलाला हे दोन्ही मुद्दे विचारल्याशिवाय बयाणा देऊ नका.

महापालिकेच्या मालमत्ता कराच्या बिलात दुरुस्ती उपकर आहे का ते बघा. मुंबई शहरात, माहीम-शीवपर्यंत, असा उपकर भरणाऱ्या इमारती मूळच्या १९,६४२. त्यातल्या १६,५०२ ‘अ’ वर्गातल्या, म्हणजे १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. तुमची चाळ त्यातलीच असणार.

आता ज्याबद्दल पत्रात एकच शब्द आहे ते, डागडुजी. या चाळी सागवानी सांगाड्याच्या. वीट, चुना आणि लाकडी वासे. वासा मध्ये सहसा मोडत नाही. तो भिंतीत जिथे शिरतो तिथे कुजतो, आणि नेमकं त्याच जागी मोरीचं पाणी मुरतं. पूर्वी मजल्यावर एक नळ आणि टोकाला सामायिक संडास होते. मग प्रत्येकाने खोलीत मोरी केली, पोटमाळ्यावर पाण्याचा पिंप ठेवला, कोब्यावर फरशी घातली, तिच्यावर आणखी एक फरशी. लोकांची चूक म्हणता येत नाही, घरात म्हातारी माणसं असतात, रात्री गॅलरीच्या टोकापर्यंत कशी जाणार? पण वजन वाढलं आणि ओल वाढली. व्यवहाराच्या आधी स्थापत्य अभियंत्याला घेऊन जा आणि त्याला सांगा, रंगवलेला दर्शनी भाग राहू दे, संडासांच्या मागची भिंत आणि तिथल्या वाशांची टोकं बघ.

भेंडीबाजारची हुसैनी इमारत ३१ ऑगस्ट २०१७ ला सकाळी कोसळली आणि ३३ माणसं गेली. ती धोकादायक ठरलेली होती. तुम्ही ज्या दिवशी खरेदीखत कराल त्या दिवसापासून त्या ४८ घरांतल्या झोपलेल्या माणसांच्या डोक्यावरचं छत तुमचं आहे. पुनर्विकासाला कितीही वर्षं लागोत, टेकू, जिना, संडास आणि पाण्याची टाकी यांचा खर्च पहिल्या वर्षीच करायचा आहे आणि तो भाड्यातून कधीच निघणार नाही, हे धरून तुमचं गणित जमत असेल तर पुढे जा. चिंचपोकळीला मी एक मालक पाहिला आहे, ज्याने आधी जिना बांधून दिला आणि मग सभा बोलावली. संमतीपत्रं गोळा करायला त्याला घरोघर फिरावं लागलं नाही, लोक स्वतः सही घेऊन आले. जिना बांधायची तयारी नसेल तर हा व्यवहार सोडा.

प्रश्न : पागडीच्या खोलीवर गृहकर्ज मिळतं का? एजंट वैयक्तिक कर्ज काढून देतो म्हणतो.
– एक वाचक, घणसोली

उत्तर : सहसा मिळत नाही. बँकेला गहाण ठेवायला मालकी लागते आणि तुमच्याकडे असेल फक्त पावती. वैयक्तिक कर्ज किंवा दागिन्यांवरचं कर्ज काढून पागडी भरू नका. व्याज दर महिन्याला सुरू होतं, पुनर्विकास होत नाही.

प्रश्न : आमच्या गावच्या मंडळाची लालबागला एक खोली आहे. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावातले वीस-वीस जण पाळीपाळीने तिथे राहायचे. पावती एका जुन्या गावकऱ्याच्या नावावर होती, ते वारले. आता त्यांचा मुलगा म्हणतो खोली आमची, आणि तो ती बाहेरच्या माणसाला विकायला निघाला आहे. गावाचा हक्क जातो का?
– मंडळाचे सचिव, ता. संगमेश्वर

उत्तर : सचिवसाहेब, हे पत्र वाचून मी बराच वेळ थांबले. आमच्या चाळीतही अशी खोली होती. भिंतीलगत पत्र्याच्या पेट्या एकावर एक, प्रत्येकीवर रंगाने नाव आणि गाव, खुंट्यांवर शर्ट, आणि पाळी बदलली की एकाच्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची. जेवण खानावळीत. गणपतीला आणि शिमग्याला खोली ओस पडायची. कोकणातल्या कित्येक घरांची कौलं या खोल्यांतून गेलेल्या मनीऑर्डरींवर चढली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत, आणि माणसं गावी परतली. खोली मात्र राहिली, आणि आता तिची किंमत सगळ्यांना कळली आहे.

कायदा आधी पावती बघतो, हे कडू सत्य आहे. भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेदारी मिळते. पण तो मुलगा वडिलांच्या निधनाच्या वेळी त्या खोलीत राहत होता का, हा प्रश्न तुम्ही विचारलाच पाहिजे. शिवाय भाडं कोण भरत होतं? मंडळाच्या वर्गणीच्या वह्या, जमाखर्च, सभेचे ठराव, दुरुस्तीच्या खर्चाच्या नोंदी, त्या पत्त्यावर काढलेल्या शिधापत्रिका, तिथे आलेली पत्रं, सगळं गोळा करा. मंडळ नोंदलेलं असेल तर धर्मादाय आयुक्तांकडच्या कागदांत या खोलीचा पत्ता बहुधा असेल. जे म्हातारे अजून हयात आहेत त्यांची प्रतिज्ञापत्रं आत्ताच करून घ्या, पुढच्या मे महिन्यावर ढकलू नका.

मालकाला आजच वकिलामार्फत नोटीस पाठवा, की पावती कोणाच्याही नावावर करू नये, हक्काबद्दल वाद आहे. मालक आणि भाडेकरू यांच्यातला वाद लघुवाद न्यायालयात जातो. तुमचा वाद मुलाशी आहे, तो दिवाणी न्यायालयात न्यावा लागेल आणि तिथे विक्रीला मनाई मागावी लागेल. निकाल तुमच्याच बाजूने लागेल असं मी सांगू शकत नाही. पण मालकाकडे नोटीस पोचली की शहाणा घेणारा मागे फिरतो, आणि मग तो मुलगा मंडळासमोर बोलायला बसतो. बसला तर त्यालाही काहीतरी द्या. त्याच्या वडिलांनी इतकी वर्षं ते नाव सांभाळलं आहे.

आणि घेणाऱ्यांनो, खोली बघायला गेल्यावर तिथे पेट्यांची रांग दिसली तर विकणाऱ्याच्या आधी शेजाऱ्यांशी बोला.

प्रश्न : आमची चाळ गेल्या वर्षी नव्या मालकाने घेतली. तो भाडं घेत नाही, पावती देत नाही. आठ लाख घ्या आणि खोली सोडा म्हणतो. दोन घरांनी घेतले. आता जिन्यातले दिवे बंद केलेत, पाणीही मध्येच बंद होतं. आई ७४ वर्षांची आहे. फार भीती वाटते.
– एक वाचक, शिवडी

उत्तर : घाबरू नका ताई, आणि खोली सोडू नका. भाडं घ्यायचं नाही, थकवायचं आणि मग थकबाकीचा दावा लावायचा, ही जुनी रीत आहे. तुम्ही भाडं थकूच देऊ नका. दर महिन्याला मनीऑर्डरने पाठवा किंवा मालकाचं खातं माहीत असेल तर बँकेतून भरा, सोबत स्पीड पोस्टने पत्र. त्याने नाकारलं तर नाकारल्याचा पोस्टाचा शेरा हाच तुमचा पुरावा. थकबाकीसाठी दावा लावायला त्याला आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ९० दिवस थांबावं लागतं. दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजासह कोर्टात भरून आणि पुढचं भाडं नियमित भरत राहून खोली वाचवता येते. पावती न देणं हा गुन्हा आहे. पाणी, वीज, जिन्यातला दिवा तोडणं हाही भाडे कायद्याच्या २९ व्या कलमाखाली गुन्हा आहे, आणि पुरवठा लगेच सुरू करायचा आदेश लघुवाद न्यायालयाकडून मिळतो. एकट्या जाऊ नका, उरलेल्या घरांनी मिळून अर्ज करा. वकील परवडत नसेल तर धोबीतलावला कोर्टाच्याच इमारतीत विधी सेवा समितीची चौकशी करा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

मालक ‘इमारत पाडली की तुमचा हक्क संपला’ असं सांगत असेल तर ते खोटं आहे. इमारत पडली तरी भाडेदारी संपत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली स्पष्ट सांगितलं आहे. आठ लाखांच्या कागदावर आईची सही किंवा अंगठा कोणी मागायला आलं तर दारातूनच परत पाठवा. या महिन्याचं भाडं उद्याच पाठवा आणि पोस्टाची पावती जपून ठेवा.